पाचवी वाटी

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर बायकोने माझी परीक्षा घेतली, नुसत्या वासावरून तंबाखू कुठली ते ओळखायची. टेबलावर पाच स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत चिमूटभर तंबाखू, वाटीच्या बुडाला स्केचपेनने नंबर, माझ्या डोळ्यांवर तिची जुनी ओढणी गच्च बांधलेली, आणि लेक समोर मोबाईल धरून व्हिडिओ काढायला बसलेली, कारण तिला खात्री होती की बाबांची फजिती होणार आणि ती तिला मामेभावंडांच्या ग्रुपवर टाकायची होती. पाचातल्या चार वाट्या बरोबर आल्या. पाचवी चुकली, आणि अशी चुकली की रात्री झोप लागेना, त्याबद्दल शेवटी लिहितो. पण २०१९ च्या उन्हाळ्यात हीच परीक्षा दिलेली तेव्हा पाचात एक आलेला, तो पण अंदाजपंचे, त्यामुळे चार म्हणजे माझ्या हिशोबात डिस्टिंक्शनच.

आधीच एक सांगून टाकतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये काका लोक येणारच. तंबाखू वाईटच. पाईपमधली पण वाईटच, धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाचं नुकसान व्हायचं ते होतंच, शेजारी मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव असताना हे मला वेगळं कुणी सांगायला नको. मी आठवड्याला एक पाईप ओढतो, रविवारी, गच्चीवर, तो पण कधी चुकतो. बाकी सगळा उद्योग नाकाचा आहे, बरणी उघडायची, हुंगायचं, वहीत लिहायचं, बरणी बंद. ज्यांना सवय नाही त्यांनी हे वाचून सुरू करू नका, इतकं सांगितलं, आता मुद्द्यावर येतो.

हे खूळ लागलं २०१८ ला. मावसभाऊ बोटीवर असतो, त्याने एक वापरलेला ब्रायरचा पाईप आणि एक डबी आणून दिली. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाजवळची गाठ, ती सहजासहजी जळत नाही म्हणून तिचे पाईप करतात. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं की आत व्हर्जिनिया, ओरिएंटल, लटाकिया आणि पेरीक आहे. उघडली तर मला एकच वास आला, जळकट. चार नावं वाचली आणि चारातलं एकही नाकाला सापडेना, म्हणजे भेळ खाल्ली आणि यात चिरमुरे कुठले, शेव कुठली, चिंच किती हे सांगता येईना अशी गत.

आता याची लाज वाटायचं कारण सांगतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. रोज सौद्याला बघतो, खरेदीदार पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढतो, कडकन मोडतो, आतला रंग बघतो, नाकाला लावतो आणि ही आपल्याकडची राजापुरी, ही निजामाबादची, ही सेलमची असं तीस सेकंदात सांगून पुढच्या ढिगाकडे जातो. कुणी त्याला शिकवलेलं नसतं, वही पण नसते. म्हणलं, ही माणसं हळदीत करतात ते आपल्याला तंबाखूत का जमू नये, तेवढंच डोकं तेवढंच नाक.

मग मी जे कुणीही करेल तेच केलं, नेटवर बसलो. तिथे गोऱ्या लोकांनी प्रत्येक जातीच्या वासाची वर्णनं लिहून ठेवलेली आहेत, ती सगळी एका वहीत उतरवून काढली. व्हर्जिनियाला वाळलेलं गवत आणि शिजवलेली फळं. लटाकियाला कॅम्पफायर आणि चामडं. पेरीकला अंजीर आणि प्लम. घोड्याचं खोगीर पण होतं कुठेतरी. मी सांगलीत जन्मलेला माणूस, खोगिराचा वास मला कुठून माहीत असणार, घोडा बघितला तो वरातीत. प्लम तर तोपर्यंत मी खाल्लेलं पण नव्हतं. तरी वही उघडून हुंगत बसायचो आणि "हां, चामडं येतंय थोडं" असं स्वतःलाच फसवायचो. त्या अभ्यासावर पहिली परीक्षा दिली आणि पाचात एक.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या तळमजल्यावरचं बरंच सामान गेलं, त्यात ती वही पण. बरण्या वरच्या मजल्यावर होत्या म्हणून वाचल्या. वहीचा नुसता लगदा झाला होता, आणि खरं सांगतो, घरातल्या बाकीच्या नुकसानीपुढे त्या वहीची आठवण सुद्धा दोन महिने आली नाही.

दिवाळीत भाऊबीजेला आईला घेऊन निपाणीला मामांकडे गेलो तेव्हा डब्या बरोबर नेल्या होत्या. मामांनी उभा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूचं गाव, १९८१ ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी हायवे अडवून बसायचं मोठं आंदोलन केलं आणि पुढे गोळीबार झाला ते हेच गाव. वखारीत दिवसभर पान चाळायचं, निवडायचं, प्रत लावायची, काम जास्त करून बायकांचं, त्यांच्या नाकातोंडात सगळी धूळ जायची, मामा त्या सगळ्यावर देखरेखीला. त्यांनी विडी कधीच सोडली, पण बोटं अजून तीच आहेत.

मामांनी पहिली डबी घेतली, नुसती व्हर्जिनिया होती. चिमूट काढली, तळव्यावर चोळली, त्यावर तोंडाची वाफ सोडली, मग तोंड जरासं उघडं ठेवून वास घेतला. डोळे मिटलेले. म्हणाले, "हे उन्हात वाळल्यालं पान न्हवं. कोंडून शेकलंय. साखर हाय ह्यात."

मी गार. पाच वेगवेगळ्या वेबसाईट वाचून जे मला कळलं नव्हतं ते दहा सेकंदात. दुसरी डबी दिली, लटाकियाची. हुंगून मान मागेच घेतली, "आगं आई गं, ह्याला धूर घातलाय की. कुठनं आणलंस हे?" मी म्हणलं सायप्रसवरनं येतं मामा, तिथे वाळवलेल्या पानाला झाडपाल्याची धुरी देतात. मग मी त्यांना एकेक नाव सांगायला लागलो तर म्हणाले, "नाव कशाला पाठ करतोयस बाळ. आदी पान कसं वाळलंय ते हुडक. ऊन, सावली, शेक, का धूर. नाव मागनं येतंय आपोआप."

ही एक ओळ मला दोन वर्षं कुठेच वाचायला मिळाली नव्हती. लिहिलेलं सगळीकडे असतं म्हणा, पण प्रत्येक जातीच्या खाली, बारीक अक्षरात, आणि आपण नावामागे धावत असतो त्यामुळे नजर जात नाही. घरी आलो, नवीन वही घेतली, पहिल्या पानावर चारच शब्द लिहिले, ऊन, सावली, शेक, धूर, आणि ठरवलं की या वहीत वासाचा एकही शब्द असा लिहायचा नाही की जो वास मी स्वतः आयुष्यात कधी घेतलेला नाही.

तर आता शेकलेलं पान, म्हणजे व्हर्जिनिया. हिला बंद खोलीत, धूर लागू न देता, नळातून गरम हवा फिरवून पाच-सहा दिवसात वाळवतात. पान झाडावरून तोडलं तरी लगेच मरत नाही, ते श्वास घेत राहतं आणि श्वासाला आपलीच साखर जाळत राहतं. शेक देऊन त्याला झटपट मारलं की साखर आतल्या आत अडकते, पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत सुद्धा. हे जमलं कसं त्याची गोष्ट मला फार आवडते. १८३९ ला अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात अबिशा स्लेड नावाचा शेतमालक होता, त्याच्याकडचा स्टीफन नावाचा गुलाम रात्री कोठारात तंबाखूच्या जाळावर राखण करत बसलेला, त्याचा डोळा लागला, जाग आली तर विस्तव विझत आलेला, घाबरून त्याने लोहारकामाचा कोळसा आणून टाकला, एकदम शेक वाढला आणि पान पिवळंधमक निघालं. पैसा मालकाने केला, आणि स्टीफनच्या नावाला आडनाव जोडतात ते पण मालकाचंच.

नाकाचं बोलायचं तर व्हर्जिनियाचा वास मला लहानपणापासून माहीत होता आणि मी तो इंग्रजी शब्दांत शोधत बसलेलो. तासगावला आत्याच्या दिराचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं डिपिंग ऑईलच्या पाण्यातून काढून जाळ्यांवर टाकलेली असतात, पंधरा दिवस तिथे सावलीत वारं खातात, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी त्या शेडमध्ये शिरलं की एक वास येतो, गोड पण ओला नाही, जरा आंबूस, त्यात खालच्या जुन्या कडब्याचा वास मिसळलेला. उजळ पिवळ्या व्हर्जिनियात कडबा जास्त आणि बेदाणा कमी, तांबड्या व्हर्जिनियात बेदाणा जास्त आणि शेवटी काकवी. इतकंच. वहीत हे लिहिलं त्या दिवसापासून व्हर्जिनिया एकदाही चुकली नाही. गंधकाची धुरी दिलेला बेदाणा मात्र हुंगू नका, त्याने नाक बधिर होतं, हा स्वानुभव. आणि ओढताना हीच साखर जीभ भाजते, घाईघाईने ओढलं की जिभेवर चटका, संध्याकाळचं जेवण बेचव.

सावलीत वाळलेली ती बर्ली. शेडमध्ये टांगून नुसत्या हवेवर महिना-दीड महिना वाळवतात, तेवढ्यात पान आपली साखर खाऊन संपवतं, जवळपास काहीच उरत नाही. पांढरी बर्ली सापडली १८६४ ला ओहायोत, काही रोपं फिकट पांढरट निघाली म्हणून रोग पडला असं वाटून आधी फेकूनच दिली होती म्हणतात. हिचा वास सांगायला मला आमच्या सांगलीच्या बाहेर जावं लागलं नाही. भडंग. मसाला नाही बरं का, भडंगातले तळलेले शेंगदाणे, पुडा संपत आल्यावर तळाशी उरतात ते, त्यांची साल थोडी करपलेली असते तो वास. कधी कधी थोडा कोकोचा पण. गोडपणा शून्य. आणि पान पोकळ, स्पंजासारखं, वरून जे ओताल ते पिऊन घेतं, म्हणून व्हॅनिला नी चेरी नी रम मारलेल्या सुवासिक तंबाखूत खाली बहुतेक वेळा हीच असते. निकोटीन पण हिच्यात दणकून, उपाशीपोटी ओढली आणि गच्चीच्या कठड्याला धरून बसावं लागलं, घामाघूम, बायकोला सांगितलं नाही, आता इथे वाचेल.

उन्हात वाळते ती ओरिएंटल. तुर्कस्तान, ग्रीस त्या बाजूची, इझमीर, सामसून अशी गावागावाची नावं, पान तळहाताएवढं सुद्धा नाही. हिच्याबद्दल थोडक्यात सांगतो कारण मला ती अजून पूर्ण कळलेली नाही. अष्टगंध, वाळलेली मेथी, आणि थोडासा आंबट कायतरी. देवघर आणि स्वयंपाकघर एकाच खोलीत असलेल्या जुन्या घराचा वास. इझमीर वेगळी आणि सामसून वेगळी हे माझ्या नाकाला अजून कळत नाही, ज्यांना कळतं त्यांना नमस्कार.

धुराची ती लटाकिया. हिचं प्रकरण मोठं आहे. मूळची सीरियातली, तिथल्या बंदराचं नाव पडलं, आता सायप्रसवरून येते. उन्हात वाळलेलं ओरिएंटल जातीचंच पान, मग त्याला बंद कोठारात ओक, पाईन, मर्टल, मस्तकी अशा लाकडापाल्याची आठवडेच्या आठवडे धुरी. पान काळं होतं. वहीत लिहिलंय, "आजीचं गावचं स्वयंपाकघर, चूल विझल्यावर, वर राळ टाकलेली." वासाला इतकी उग्र पण निकोटीनला अगदी सौम्य, हे खूप जणांना पटत नाही.

तर मी ही लटाकिया शहाणपणा करून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात, कारण तिथे गार असतं. खालच्या खणात चहापत्ती. स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं हे मला तेव्हा सुचलं नाही. चारेक दिवसांनी विट्याची मावशी आलेली, चहाचा घोट घेतला आणि खूश होऊन म्हणाली, "अगंबाई, चुलीवर केलास काय चहा? किती वर्षांनी!" बायको माझ्याकडे बघतच राहिली. मावशीने दुसरा कप मागून घेतला. ती गेल्यावर काय झालं ते लिहीत नाही. चहापत्ती, वेलची आणि अर्धा किलो रवा टाकून द्यावा लागला आणि माझं कपाट गॅलरीत गेलं, काचेच्या रबरी रिंगवाल्या बरण्या आल्या. पाईपचं पण तसंच आहे, एकदा लटाकिया ओढली की त्या लाकडात तिचं भूत बसतं, नंतर व्हर्जिनिया भरली तरी धूरच येतो. म्हणून तुलना करायची तर मक्याच्या कणसाचे पाईप बरे, स्वस्त, प्रत्येक जातीला एक ठेवता येतो. अमेरिकेत मिसुरी राज्यात १८६९ पासून ते बनवतात. दाणे काढल्यावर जो दांडा आपण चुलीत घालतो तो वाळवून, कोरून, त्याला नळी लावून ते लोक जगभर विकतात, आणि आपल्याकडे मक्याला काय भाव मिळतो ते बघा.

पेरीक ही या चारात बसत नाही. ती आंबवलेली. लुईझियानात सेंट जेम्स म्हणून भाग आहे, तिथेच मुख्य करून होते, पान लाकडी पिंपात ठासून भरतात, वरून स्क्रू जॅकने दाबतात, ते आपल्याच रसात वर्षभर मुरतं, मधे मधे बाहेर काढून हवा देऊन परत दाबतात. लोणच्यावर दगड ठेवतात तसंच. वहीत आहे, "लिंबाचं जुनं काळं लोणचं, मीठ वजा करून, वर मिरपूड." धूर नाकातून सोडला की मिरी चावल्यासारखी झणझणते.

आणि कॅव्हेंडिश. याच्यावर मी आठ महिने वाया घालवले. मला वाटायचं कॅव्हेंडिश नावाचं झाड असतं. काही नाही, ती नुसती रीत आहे, कुठलंही पान घ्या, वाफ द्या, दाबा, गोड घाला, झालं कॅव्हेंडिश. आत व्हर्जिनिया पण असेल नाहीतर बर्ली पण. बासमती नावाचं झाड असतं पण पुलाव नावाचं झाड नसतं, इतकं साधं होतं ते.

हुंगणं आणि ओढणं यात फरक पडतो हे पण सांगायला पाहिजे. कच्च्या पानाचा वास ओळखला म्हणजे धुरातला ओळखता येतोच असं नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच मुख्य कळतं, बाकी सगळं नाक सांगतं, म्हणून धूर तोंडात फिरवून त्यातला अगदी थोडा नाकावाटे सोडायचा, छातीत न्यायचा नाही. पहिल्यांदा नाकातोंडातून पाणी आलं. हे किती नाकावर आहे ते मला २०२१ ला कळलं. एप्रिलमध्ये कोविड झाला, वास गेला. घरातच एका खोलीत बंद, बायको दाराबाहेर ताट ठेवायची, वरण आणि ताक तोंडात सारखंच. मी तिच्याकडून बरण्या मागून घेतल्या आणि रोज सकाळी एकेक उघडून हुंगायचो. अठराव्या दिवशी लटाकिया आली, अगदी लांबून, शेजारच्या गल्लीत कुणी पाचोळा पेटवल्यासारखी. मी बरणी धरून रडलो, खोटं कशाला सांगू. व्हर्जिनिया सगळ्यात शेवटी आली, जूनमध्ये. बेदाणा आधी आला आणि कडबा नंतर.

आता मिसळायचं. इथे बजेटची अडचण आहे. परदेशातून येणाऱ्या माणसाला ड्युटी न भरता १२५ ग्रॅम तंबाखू आणता येते, म्हणजे मावसभाऊ आला की पाच जातींची प्रत्येकी २५ ग्रॅम, वर्षाकाठी. त्यातूनच प्रयोग. हळदीचे नमुने मोजायचा छोटा डिजिटल काटा आहे माझ्याकडे, त्यावर दहा-दहा ग्रॅमचे लॉट करतो.

पहिला लॉट मी सगळं समान घातलं, लोकशाही. लटाकियाने सगळ्यांना खाऊन टाकलं. दुसऱ्यात लटाकिया कमी केली आणि पेरीक दोन ग्रॅम घातली, दहात दोन, अर्धा पाईप ओढून शिंका आवरेनात. मग मिरजेच्या तंबोरेवाल्यांची आठवण झाली. आमच्या एका ओळखीच्यांच्या दुकानात बसायचो कधी कधी, ते जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर खुलवताना, चारी तारा एकदम कधी छेडत नाहीत, एक तार, तिच्याखाली पटाशीने जरासं घासायचं, ऐकायचं, परत. म्हणलं आपण पण दोन-दोनच तारा घेऊ. नऊ ग्रॅम व्हर्जिनिया एक ग्रॅम लटाकिया, मग आठ-दोन, मग सात-तीन. दहा टक्क्याला लटाकिया नुसती मागे उभी असते, वीसला गप्पात येते, तीसला बेदाणा गायबच. तसंच व्हर्जिनिया-पेरीक, तिथे पाच टक्क्याच्या वर गेलो की मला सहन होत नाही. बर्ली घातली की व्हर्जिनियाचा जिभेवरचा चटका कमी होतो, हे फार कामाचं. शेवटी जमलेलं माप, पाच ग्रॅम तांबडी व्हर्जिनिया, अडीच बर्ली, दीड ओरिएंटल, एक लटाकिया. पेरीक नाही. कालवून बरणीत बंद, आणि तीन-चार आठवडे हात लावायचा नाही, मुरू द्यायचं. कालवल्या दिवशी ओढलं तर चार माणसं चार कोपऱ्यात तोंडं फिरवून बसल्यासारखी लागतात. या बाबतीत आपला 'मुरणे' हा शब्द इतका नेमका आहे की इंग्रजीवाले त्याला 'लग्न लागणं' म्हणतात ते मला हास्यास्पद वाटतं, लग्न लागल्या लागल्या कुणाचं जमलंय.

मधेच एक आठवलं ते सांगतो. १६०४-०५ च्या सुमाराला अकबराचा असद बेग नावाचा माणूस विजापूरला आलेला, त्याला तिथे तंबाखू बघायला मिळाली, पोर्तुगीजांमुळे आलेली, तो ती आणि एक रत्नजडित नळी घेऊन अकबराकडे गेला, अकबराने दोन झुरके मारले, हकीम नको नको म्हणत असताना. पुढे जहांगीराने १६१७ ला बंदीच घातली, ती किती चालली ते दिसतंच आहे. सांगायचं एवढंच की दिल्ली-आग्र्याच्या आधी हे पान आपल्या शेजारच्या विजापुरात होतं, सांगलीतून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो तिथे.

तर ती पाचवी वाटी.

पहिली वाटी व्हर्जिनिया, लगेच. दुसरी लटाकिया, ती तर वाटी टेबलावर ठेवायच्या आधी. तिसरीला जरा वेळ लागला, मेथी आली, ओरिएंटल. चौथी पेरीक, लोणचं. पाचवी नाकाला लावली, गोडपणा नाही, धूर नाही, आंबूस नाही, कोरडा मातकट वास. पाच बरण्या, चार झाल्या, उरली ती बर्ली. म्हणलं, "बर्ली!" एकदम जोरात, व्हिडिओत ऐकू येतंय.

लेक हसायला लागली. ओढणी सोडली तर बायको म्हणाली, "परत घ्या वास." परत घेतला, शेंगदाणे नाहीत. कुठेच शेंगदाणे नाहीत. तिने बर्लीची बरणी उघडलीच नव्हती. गेल्या वेळी मामांनी कागदात बांधून दिलेली निपाणीची तंबाखू, उन्हात वाळलेली, पानावर तांबूस ठिपके उठल्यावरच तोडलेली, ती घातली होती. मी नाकाने उत्तर दिलंच नव्हतं, वजाबाकी करून दिलं होतं, दिवाणजी शेवटी. सायप्रसचा धूर ओळखला, लुईझियानाचं पिंप ओळखलं आणि आजोळचं पान हातात धरून त्याला अमेरिकेचं नाव दिलं.

रात्री मामांना फोन केला, लपवून काय करणार, व्हिडिओ ग्रुपवर गेलेला होता.

"काय म्हणालास ओळखून?"

"बर्ली म्हणालो."

"ती कुठली?"

सांगितलं, अमेरिकेची, सावलीत वाळवतात. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कागदात बांधल्यालं तीन वर्सं झाली की रं त्याला. वास कुठला ऱ्हातोय. तुझं चुकलं न्हाई, माल शिळा हुता. नवीन पाठवतो."

माल शिळा नव्हता, मी नंतर परत दोनदा हुंगला, मातीवर उन्हात तापलेल्या तुरकाट्यांचा वास स्वच्छ येत होता. पण मामांनी सोडवलं म्हणल्यावर मी पण सुटून घेतलं.

काल निपाणीहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर डबा आला. जुना बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला चिकटपट्टी, वर मामांच्या हातचं नुसतं एवढंच, "ऊन." अजून उघडलेला नाही. गॅलरीतल्या कपाटात ठेवला तर लटाकियाचा वास लागेल म्हणून सध्या देवघरावरच्या फळीवर ठेवलाय आणि बायको म्हणतीये तिथनं आत्ताच्या आत्ता खाली काढा.